उत्तरेची भिंत

१२ ऑक्टोबर
देवमातेची कृपा! सात वर्षं जावेच्या घरात एका खोलीत काढली, आज स्वतःच्या उंबऱ्यातून आत आले. माझ्या नवऱ्याच्या, दोब्रीच्या मावशीचं घर, ती गेल्यापासून बंद होतं. खाली दगडी गोठा, वर दोन खोल्या, मधे चूल. आधी कोपऱ्यात देवमातेची तसबीर टांगून दिवा लावला, मगच घेवड्याचं गाडगं चढवलं. लेक नेदा जिना नुसता चढतेय-उतरतेय. सासूबाईंनी नाक मुरडलं, खिडक्या म्हणे लहान. मी म्हटलं, तेवढंच सरपण वाचेल.

१९ ऑक्टोबर
उत्तरेच्या भिंतीला भेग आहे, हात जाईल एवढी. माती, शेण आणि बकरीचे केस कालवून लिंपली. सकाळी पुन्हा उघडी. परत लिंपली, परत उघडी. आज तिसऱ्यांदा. फळीवरचं दूध गोठलं. सासूबाई म्हणतात, तुझ्या हाताला गुणच नाही. बरं, मग तुम्ही लिंपा म्हटलं, तर लगेच कंबर दुखते!

२७ ऑक्टोबर
वल्को गवंड्याने चार दिवस खपून भिंत नव्याने रचली. चारही दिवस घेवडा ओरपला. आज सकाळी भेग जिथल्या तिथे. मिशा पुसत म्हणाला, वहिनी, भिंत उपाशी आहे. मी म्हटलं, वल्कोदादा, गाडगं तुम्ही पुसून खाल्लंत, ती उपाशीच राहणार! दोब्री हसला. वल्को नाही. माणसाची सावली दोरीने मोजून ती दोरी भिंतीत घालायची, असा रिवाज सांगू लागला. भिंत टिकते, ज्याची सावली, तो चाळीस दिवसांत जातो. मी छातीवर क्रूसाची खूण केली. बाप्तिस्मा झालेल्यांच्या घरात हे चालायचं नाही, सांगून टाकलं. शेवटी कोंबड्यावर ठरलं. चांगला धडधाकट कोंबडा भिंतीच्या पायात पुरायचा, वाटीभर रस्साही नाही.

३ नोव्हेंबर
भिंत उभी आहे! कोंबडा पुरून पुन्हा रचली, त्याला आज पाच दिवस झाले, केसाएवढी चीर नाही. घर ऊबदार. उगाच इतकी चिडचिड केली. कोंबड्याबद्दल पाद्रीबाबांची क्षमा मागेन.

१४ नोव्हेंबर
नेदाला चुलीपाशी बसूनही थंडी वाजते. खात नाही. काढा दिला, छातीला चरबी चोळली, कशाचा म्हणून उपयोग नाही. ज्या मधाच्या बरणीला सासूबाई मला शिवू देत नाहीत, त्यातला मध त्या तिला चमच्याने भरवतात. माझ्याकडे बघत नाहीत. विचारलं, तर म्हणे, नातीचे लाडही करायचे नाहीत का?

२० नोव्हेंबर
लख्ख दुपार, अंगणात बर्फ. कुंपणाची सावली होती. बकरीची होती. माझी होती. नेदाची नव्हती.
तिला विचारलं. म्हणाली, वल्कोकाकाने खेळ शिकवला. उन्हात सरळ उभं राहायचं, हलायचं नाही, तो दोरी मांडतो. बाबा शेजारीच होते.

२१ नोव्हेंबर
दोब्री नाकारत नाही. ऐन बर्फात छप्पर कोसळलं तर चौघंही मरू, म्हणतो. मुलं अजून होतील, घर पुन्हा व्हायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, ओरडू नकोस, शेजारी ऐकतील. शेजारी! मी पहार उचलली, ती त्याने कुलपात घातली.
चाळिसावा दिवस आठ डिसेंबर.

२ डिसेंबर
खिंड बंद. पाद्रीबाबांपर्यंत निरोपही जात नाही. नेदा आता उभी राहत नाही. देवमाते, तूही आईच ना —

६ डिसेंबर
सकाळ. आज पहिल्यांदाच दोघंही बाहेर, दोब्री सरपणाला, सासूबाई शेजारी. चुलीच्या सळईने दगड उपसले. खालून चौथ्यामागे लाल दोरी. बरोब्बर नेदाएवढी. चुलीत घातली.
नेदाने भाकरी मागितली. भाकरी! उठून बसली, जमिनीवर तिची सावली, हातातल्या तुकड्याचीसुद्धा —
आढं करकरतंय. भेग वर चढतेय —
दोब्री परत आला. वल्को बरोबर. नवी दोरी. म्हणतात, पोरीला बाहेर आण —
मीच बाहेर येऊन दाराला कुलूप घातलं, किल्ली बर्फात फेकली. वही हातातच राहिली. ऊन पाठीशी. माझी सावली वल्कोच्या बुटांपर्यंत पोचलीय. म्हटलं, मोजा, दादा. माझी मोजा. दोब्री खाली बघतो —
वल्को वाकलाय. म्हणतो, लिहिणं थांबवा वहिनी, सावली हलतेय.
थांबवते. पायांपासून गार — नेदा आतून ओरडतेय, अजून भाकरी दे म्हणून. तिला कुणीतरी —