आक्का, तू रेखाला ‘काढून टाक’ म्हणालीस

आक्का गं,

तुझ्याशी भांडायचंय. जिवंतपणी तुझ्याशी भांडून मी कधी जिंकले नाही, आणि आता तर तू उत्तरही देत नाहीस. तरी लिहितेय, कारण तुझ्या रेखाच्या घरात गेले काही दिवस जो तो तुझंच नाव पुढं करतोय.

मी नुकतीच शाळेतून आले होते, तेव्हा रेखाचा फोन आला. “मावशी, मंगळवारी ॲडमिट व्हायचंय. पिशवी काढणार हाईत.”

अजून तिशी नाही गं तिची! धाकटा आत्ता कुठं अंगणवाडीत जायला लागलाय. काय झालंय म्हणून विचारलं, तर अंगावरून पांढरं जातंय आणि ओटीपोट दुखतंय. निपाणीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, गर्भपिशवीला सूज आहे, ठेवली तर पुढं कॅन्सर होईल.

“दुसऱ्या कुणाला दाखवलंस का?”

“कशाला? आमच्या गल्लीत समद्यांनी तितंच काढलीया. आन् आईनंबी सांगिटलंय की.”

आईनं. म्हणजे तू! धाकट्याच्या बाळंतपणानंतर तिच्या उशाशी बसून तू म्हणाली होतीस म्हणे, “आता दोन पोरं झाली, पोरं बंद करायचं ऑपरेशनबी झालं. त्या पिशवीचं काय काम? काढून टाक आन् मोकळी हो.”

का म्हणालीस असं? तुला तुझं काय झालं ते कळत नव्हतं का?

रविवारी निपाणीची बस पकडली. रेखाच्या सासूनं चहा दिला आणि माझ्याआधी तीच बोलली, “मंगलताई, तुमी शिकलेल्या. पर मी काढली, मला काय झालं सांगा बघू?” हे बोलताना तिचा एक हात कमरेवर होता आणि दुसरा भिंतीला. जावई तर काकुळतीलाच आला. “मावशी, उद्या कॅन्सर निघाला तर पोरास्नी काय सांगू?” आक्का, त्या घरात एकही माणूस वाईट नाही. वाईट कुणी असतं तर मी भांडले असते. सगळे तिच्या भल्यासाठीच तिला दवाखान्यात नेत होते, आणि मी कुणाचा हात धरायचा तेच कळेना.

तुझं पिशवीचं ऑपरेशन आठवतं मला. रेखा तेव्हा चौथीत होती. टाके निघाल्यावर तू पांढरी साडी नेसून विहारात आलीस. कितीतरी वर्षांनी पांढरी! माझ्या कानाशी लागून म्हणालीस, “पीडा गेली गं मंगे!” तुझ्या तोंडावरचं ते हसू मी विसरलेली नाही. लपवून काय करू, तेव्हा मलाही आनंदच झाला होता.

वखारीत तंबाखूची धूळ नाकातोंडात घेत दिवसभर चाळण मारायची. संडास नाही, पाणी नाही. पाळीत कापड बदलायला पोत्यांच्या थप्पीमागं जायचं, तर दिवाणजी ओरडायचा, “किती येळा उठतीस?” तू तिथं बसत होतीस म्हणून मी कॉलेजात बसू शकले. त्या पाच दिवसांची लाज तू कशी गिळलीस, हे मला फार उशिरा कळलं.

पण पुढचं? ऐन थंडीत ओला टॉवेल अंगावर टाकून तू फरशीवर झोपायचीस. “अंगात भट्टी पेटलीया” म्हणायचीस. कंबर गेली, गुडघे गेले. कारण नसताना रेखावर खेकसायचीस आणि मग एकटी रडत बसायचीस. शेवटी धुणं धुताना घसरलीस ते किती साधं घसरणं होतं! पोरं तशी दिवसातून चारदा पडतात. तुझं खुब्याचं हाडच मोडलं.

बेळगावच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि तुझं वय परत विचारलं. साठीच्या पुढच्या बाईची हाडं वाटतात म्हणाले. “पिशवीबरोबर अंडाशयंही काढली होती का? ती काढली की हाडं लवकर ठिसूळ होतात.” तू पडल्यापडल्या म्हणालीस, “काय काय काढलं ते त्यांनाच ठावं, सायेब.” मग अंथरूण, मग छातीत कफ, आणि मग तू नव्हतीस. त्या ऑपरेशननंच तू गेलीस असं कोण सांगणार? मीही सांगत नाही. पण रात्रंदिवस तोच विचार येतो, त्याला मी काय करू?

तुला एक कधी सांगितलं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला मी कणकुंबीला, पार जंगलात होते ना, तिथं एकदा शाळेत बायकांची बैठक होती. बोलता बोलता मी विचारलं, तुमच्यात पिशवी कुणाकुणाची काढलीय? एकीचीही नव्हती! त्याही तुझ्यासारख्याच राबणाऱ्या, डोक्यावर लाकडाच्या मोळ्या आणणाऱ्या. जिल्हा तोच, बायकांचं अंग तेच. मग आपल्याच गल्लीतल्या पिशव्या एवढ्या कशा खराब होतात?

मला वाटलं, सुटल्या बिचाऱ्या. पण बैठक संपल्यावर एक म्हातारी मागं थांबली. तिची पिशवी खाली उतरून बाहेर आली होती. तिला खरंच ऑपरेशन हवं होतं, आणि ती फडकं बांधून तशीच जंगलात जात होती. दवाखाना लांब, न्यायला कुणी नाही. म्हणजे बघ, इकडं दवाखाना जवळ म्हणून गरज नाही त्यांची काढायची आणि तिकडं लांब म्हणून गरज आहे तिची राहायची! बाई कुठल्या गावात नांदते त्यावर तिच्या पोटातलं ठरतं. तिला कोण विचारतं?

रेखाला मी हे सगळं भांडी घासता घासता सांगितलं. ती राखेचा हात तसाच ठेवून म्हणाली, “मावशी, तुज्या शाळंत संडास हाय गं.”

तीही त्याच वखारीत जाते. तुझी जागा तिनं घेतलीय, आणि पोत्यांची थप्पीही अजून तीच.

तरी सोमवारी रेखाला आणि जावयाला ओढूनच बेळगावला आणलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रेखाला नीट तपासलं, कॅन्सरची तपासणी करायला लावली. पुन्हा बोलावलं तेव्हा म्हणाल्या, “कॅन्सर नाही. पिशवी चांगली आहे. आत जंतुसंसर्ग झालाय. गोळ्यांनी बरा होईल, पण दोघांनीही घ्यायला हव्यात.”

जावई दचकला. “मला कशाला? मला काय झालंय?” त्यांनी समजावून सांगितलं, एकानंच घेतल्या तर एकाकडून दुसऱ्याला परत लागण होते. त्यानं मान डोलावली, गोळ्यांचं पाकीट खिशात घातलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला. घेतल्या की नाही, मला माहीत नाही.

मला वाटलं होतं, रेखा आनंदानं रडेल. बसस्टँडवर ती बाकावर बसली, पदर तोंडावर घेतला आणि म्हणाली, “म्हंजे आता परत दर म्हैन्याला तेच, व्हय?”

आक्का, तेव्हा कळलं मला तू तिला तसं का सांगितलंस. तुला तिचं वाईट करायचं नव्हतं. त्या वखारीतून बाहेर पडायची तुला एकच वाट सापडली होती, तीच तू लेकीला दाखवलीस. ती वाट पुढं कुठं गेली हे तिला सांगायला मात्र तू राहिली नाहीस!

तो मंगळवार कधीच गेला. ऑपरेशन झालं नाही. पण सासू म्हणते, “दिवाळीपतूर बघू, न्हाईतर काढू.” शेजारणी रोज विचारतात, “अजून काढली न्हाईस?” दुखणं थोडं कमी आहे. रेखा परत कामावर जाते. मी रोज संध्याकाळी फोन करते, आणि ती उचलेपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो.

काल तिनंच फोन केला. “मावशी, मालकाला संडासाचं इचारायला येत्या सोमवारी आमी चौघी जाणार हाय. तू येतीस?” मालक ऐकेल असं मला वाटत नाही. कदाचित चौघींनाही घरी बसवेल. तिलाही ते ठाऊक आहे. तरी “येते” म्हणाले.

आक्का, आजवर तुझा शब्द मी खाली पडू दिला नाही. हा एक मात्र मोडणार आहे. रेखाच्या अंगाला गरज नसताना सुरी लागू देणार नाही. आणि तिनं ‘आई तर म्हणाली होती’ असं म्हटलं, की तुझा तो ओला टॉवेल, तुझी भट्टी, तुझं हाड, सगळं आठवून देईन तिला. तू स्वतः सांगायला हवं होतंस ते. रागावशील तर रागाव. पण सोमवारी वखारीच्या दारात आम्ही उभ्या राहू, तेव्हा मी तिचा हात धरलेला असेल.

तुझीच,
मंगी