यायला कुठला महिना बरा

॥ श्री ॥

यशवंतपूर, बंगलोर
ता. ९ फेब्रुवारी १९५८

चि. उपेंद्र यास नीलाअक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं नाताळचं कार्ड पोचलं. बर्फ आणि लाल पक्षी छान आहेत, मजकूर मात्र सगळा छापील. आठ वर्षांत तुझी पत्रं आखडत आखडत आता सहीएवढी उरली आहेत. असो.

हे पत्र आईपासून लपवून लिहिते आहे. तिचा डावा डोळा दिवाळीतच गेला. उजव्यातही काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली फार तर दीड वर्ष, असं डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं. आईला सगळं ठाऊक आहे. तिचं एकच चाललं आहे, की दिसतंय तोवर सुशीला एकदा समोर बसवून बघायचं. (तुझ्या लेकीची, सूझनची, आमच्या घरात सुशी झाली आहे.) तुला डोळ्यांचं कळवू नये म्हणून तिने मला शपथ घातली. म्हणते, त्याला यायचं तर ओढीने येऊ दे, कीव येऊन नको. ती शपथ मी मोडते आहे, तेव्हा तिला यातलं काही लिहू नकोस. नुसतं येतो म्हणून लिही.

अण्णा बरे आहेत. कारखान्यात मापं तपासायची आणि घरी येऊन आमच्या चहातली साखर तपासायची, हा क्रम चालू आहे. माझी शाळा चालू आहे. डोरीनला आणि सुशीला आशीर्वाद.

कळावे. इकडे लोभ पुष्कळ आहे, तो घ्यायला समक्ष यावे.
तुझी अक्का

—

कॉव्हेंट्री
२ मार्च १९५८

ती. नीलाअक्कास उपेंद्रचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

आईचं वाचून फार वाईट वाटलं. येण्याचा विचार नक्की आहे, फक्त ऋतू नीट निवडायला हवा. उष्ण कटिबंधातल्या देशांना केव्हा भेट द्यावी, याची एक पुस्तिका इथे मिळते. तिच्यात हिंदुस्थानापुढे मार्च ते मे तांबडा रंग आहे आणि जून ते सप्टेंबर करडा. म्हणजे सात महिने बादच. डोरीनची प्रकृती नाजूक आहे. उकाडा, डास, कावीळ यातलं काही तिला सोसायचं नाही.

तुझ्यापाशी म्हणून सांगतो, मलाही आता ते सोसेल असं वाटत नाही. स्टेशनामागची ती गल्ली, उघडं गटार, केळ्यांच्या सालींवरच्या माश्या, यांची नुसती आठवण झाली तरी पोटात ढवळतं. आणखी एक, विचारायला संकोच वाटतो. परसातला टोपलीचा संडास अजून तोच आहे का? डोरीनला तो दाखवणं माझ्याच्याने होणार नाही.

कोणता महिना त्यातल्या त्यात बरा, ते अण्णांना विचारून कळव.

सर्वांस नमस्कार. लोभ आहे तसाच राहावा.
तुझा, उपेंद्र

—

यशवंतपूर
ता. १९ मार्च १९५८

चि. उपेंद्र यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि शिसारी आली. गटाराची नव्हे, तुझी. उष्ण कटिबंधातला देश म्हणे. तू काय ध्रुवावर जन्मलास? त्याच परसातल्या संडासात अठरा वर्षं गेलास, तेव्हा बाहेर उभं राहून मला हाका मारायला लागायच्या, कारण आत बसून तू गोष्टीची पुस्तकं वाचायचास. आता नाकाने कांदे सोलतोस.

आणि बंगलोरला कसला आलाय ऋतू? पुण्याची मावशी मे महिन्यात स्वेटर घेऊन येते. शेजारच्या भाग्यलक्ष्मीअक्कांचं घराणं तीनशे वर्षांपासून इथे आहे. त्यांना कुणी घाम पुसताना पाहिलेलं नाही. त्यांना तुझा प्रश्न सांगितला, तर त्यांनी विचारलं, मुलगा आईला बघायला येतोय की आंबे बघायला? मग म्हणाल्या, आंबे बघायचे असले तरी मेमध्येच यायला हवं.

अण्णांना पत्र वाचून दाखवताना पोटातलं ढवळणं मी गाळलं, संडास ठेवला. ते रागावले नाहीत, आणि तेच मला सहन होत नाही. दुसऱ्या दिवशी ते थर्मामीटर घेऊन आले आणि पडवीच्या खांबाला टांगला. मुलाने प्रश्न विचारलाय तर उत्तर आकड्यांत द्यायला हवं, असं त्यांचं म्हणणं. वर्षभराचा तक्ता करणार आहेत. आईपाशी वर्ष किती उरलंय, याची आठवण त्यांना कोण देणार.

तक्त्याची वाट न बघता निघ.

राग आणि लोभ दोन्ही आहेत, हवा तो उचलावा.
अक्का

—

कॉव्हेंट्री
१४ सप्टेंबर १९५८

ती. नीलाअक्कास सा. न. वि. वि.

तुझा राग समजू शकतो, पण संसारी माणसाला चार गोष्टी बघाव्या लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तुमच्याकडे मद्रासच्या बाजूचं वादळ येतं आणि वर दिवाळीचा धूर. डोरीनची छाती धुराला हळवी आहे. डिसेंबर-जानेवारीच्या बोटी आत्ताच भरल्या. फेब्रुवारीत देवींची साथ असते आणि टोचून घेतलं की डोरीनला ताप भरतो. तिची यायची इच्छा खूप आहे, पण ती घाबरते.

आईला सांग, मी विचारात आहे.

आपल्या मायेत उणे नसावे.
उपेंद्र

—

यशवंतपूर
ता. ३ नोव्हेंबर १९५८

चि. उपेंद्र यास आशीर्वाद.

तुझी सगळी पत्रं पुढ्यात घेऊन मी कॅलेंडरवर फुल्या मारल्या. बारापैकी बारा महिने बाद झाले. तू आम्हाला एकही दिवस ठेवला नाहीस.

इकडची बातमी म्हणजे अण्णांनी टोपलीचा संडास पाडून टाकी-पाण्याचा बांधून घेतला. ज्योतिबा गवंड्याच्या डोक्यावर महिनाभर मिरे वाटले. भांडं बसवताना स्वतः पाणसळ लावून पाहिली. पण अजून त्यात कुणाला जाऊ देत नाहीत. तो सुनेसाठी राखून ठेवला आहे. आम्ही भाग्यलक्ष्मीअक्कांकडे जातो. अण्णा रोज सकाळी त्यात एक बादली ओततात आणि पाणी किती सेकंदांत जातं ते घड्याळ लावून बघतात. त्या कोऱ्या पांढऱ्या भांड्याकडे बघितलं की मला मळमळतं, आणि त्यात संडासाचा काही दोष नाही.

आई परवा आमटीत मीठ दोनदा घालून बसली. अण्णांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि छान झाल्याचं सांगितलं. बोटीचं बघ.

जास्त काय लिहू. माया आहे, शब्द संपले.
अक्का

—

॥ श्री ॥

यशवंतपूर
ता. ५ मार्च १९५९

चि. उपेंद्र यास अनेक आशीर्वाद.

सोबत मार्च १९५८ ते फेब्रुवारी १९५९ अखेरचा तक्ता जोडला आहे. सूनबाईंस वाचता यावा म्हणून इंग्रजीत केला आहे. सर्वांत उष्ण दिवस २१ एप्रिल, ९६ अंश फॅरनहाइट. सायंकाळी वळीव पडून ७२ झाले. सर्वांत थंड पहाट ५४. माझा थर्मामीटर कारखान्यातील प्रमाण थर्मामीटरशी ताडून पाहिला. अर्ध्या अंशाचा फरक निघाला, तो वजा केला आहे. डासांचा रकाना अंदाजे आहे, क्षमस्व.

शेवटचा रकाना लक्षपूर्वक पाहावा. त्याविषयी मी घरात बोललेलो नाही, नीलाजवळही नाही. कोणता महिना योग्य हे त्यावरून तूच ठरवावेस.

नवा संडास उत्तम चालतो.

सूनबाईंस व नातीस आशीर्वाद. आमचा जीव तुमच्यापाशी आहे, हे असू द्यावे.
अण्णा

—

कॉव्हेंट्री
१२ एप्रिल १९५९

ती. नीलाअक्कास सा. न. वि. वि.

अण्णांचा तक्ता पाहून थक्क झालो. चौकट करून लावावा इतका सुबक आहे. डोरीनला दाखवला. पण ९६ हा आकडा बघून ती फार घाबरली. मी तरी किती समजावणार. १९६० च्या डिसेंबरचं मात्र नक्की धर. अण्णांना सांग, त्यांच्या मेहनतीचा फार उपयोग झाला.

लोभाची वाढ व्हावी.
उपेंद्र

—

कॉव्हेंट्री
२५ मे १९५९

ती. नीलाअक्कास सा. न.

घाईत लिहितो. डोरीन सूझनला घेऊन बोटीने तिकडे निघाली आहे. हे पत्र विमानाने आधी पोचेल. माझ्या टेबलाच्या खणात तिला काही कागद सापडले आणि ती तिरमिरीत निघाली. मी खूप सांगितलं, की हा करडा ऋतू आहे. ती जे सांगेल ते सगळंच खरं धरू नकोस. तिला मराठी कळत नाही आणि तुम्हाला तिचे उच्चार कळायचे नाहीत, त्यातून गैरसमज होतात. पाणी वीस मिनिटं उकळा. त्या गल्लीतून आणू नका, टांगा लांबून फिरवा. पहिल्या बोटीने परत पाठवा. मला रजा नाही.

सर्वांनी सांभाळून घ्यावे.
उपेंद्र

—

यशवंतपूर
ता. २८ जून १९५९

चि. उपेंद्र यास,

आशीर्वाद वरती लिहिला नाही, तो विसरले म्हणून नव्हे.

१२ तारखेला पूना मेल यशवंतपूरला थांबली आणि डोरीन भर पावसात उतरली, एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात सुशी. टांगा मिळाला नाही. तुझ्या त्या गल्लीतूनच आणलं. गटार तुंबून वर आलं होतं. खोटं कशाला सांगू, कोपऱ्यावर तिला उलटी झाली. भिंतीला हात टेकून ओकली, पावसाच्या पाण्याने तोंड धुतलं, आणि घर अजून किती लांब आहे ते विचारलं. किळस तिलाही येते. ती किळस आली म्हणून मागे फिरत नाही, एवढंच.

दुसऱ्या सकाळी ती नव्या संडासात गेली. अण्णा पेपर तोंडापुढे धरून बसले होते, पण कान परसाकडे होते. पाणी गेल्याचा आवाज झाला, तेव्हा त्यांनी पान उलटलं. त्या दिवसापासून आम्हालाही परवानगी आहे.

तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, की तुम्ही दरवेळी येऊ नका म्हणून का लिहिता? मला आधी वाटलं, माझं इंग्रजी कमी पडतंय. माझं इंग्रजी ठीक आहे, उपेंद्र, मी शाळेत तेच शिकवते. तू तिला सांगत होतास, की घरचे म्हणतात हवा वाईट आहे, थांबा. आम्हाला सांगत होतास, की ती नाजूक आहे. ही नाजूक बाई विहिरीवरून दोन-दोन बादल्या आणते. देवी तिने दोन वर्षांपूर्वीच टोचून घेतल्या होत्या, कारण तेव्हाच तिला यायचं होतं. तू इकडे तिच्यावर ढकललंस, तिकडे आमच्यावर, आणि मधे काखा वर करून बसलास. मला तुझी किळस येते, हे मी लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझा विचार बदलला तरी कागद राहील.

तक्ता तू तिला दाखवला नव्हतास. तो तिने बरोबर आणला आहे. मी शेवटचा रकाना इथे पहिल्यांदा वाचला. मथळा असा आहे, की माझ्या पत्नीस भिंतीवरच्या कॅलेंडरातील तारीख किती अंतरावरून वाचता येते. मार्च, चौदा फूट. मे, बारा. ऑगस्ट, नऊ. नोव्हेंबर, सहा. फेब्रुवारी, साडेतीन. बाकीच्या रकान्यांतले आकडे बारा महिने जरा वर, जरा खाली होतात. हा एकच सारखा खाली येतो. दर एक तारखेला अण्णा आईला कॅलेंडरापुढे उभं करून मागे मागे न्यायचे आणि तारीख विचारायचे. मला वाटायचं, म्हातारपणी थट्टा सुचते आहे. डोरीन म्हणाली, की एवढा कागद वाचून ज्याला डिसेंबर १९६० सुचतो, त्याची रजा होईपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता.

आईचं सांगते. आता तिला हातभर अंतरावरचं दिसतं, तेही उजेडाला पाठ करून. सुशीला तिने मांडीवर घेतलं, हनुवटी धरून तोंड पडवीच्या उजेडाकडे वळवलं आणि पुष्कळ वेळ बघितलं. मग मला सांगितलं, की पुढचा एक दात पडलाय, डोळे घारे आहेत आणि डाव्या भुवईत केस जरा विरळ आहेत. सगळं बरोबर होतं. सुशी हलली नाही. हिला असं बसायला कुणी शिकवलं असेल, असं आई सारखी विचारत होती. मी परसात जाऊन रडून आले.

डोरीनने तुझा कोटातला मोठा फोटो आणला आहे, पुठ्ठ्यावर चिकटवलेला, चेहरा तळहाताएवढा. तो तिने आईच्या हातात दिला. आईने तसाच उजेडाकडे धरला, तेवढ्याच अंतरावर, तेवढाच वेळ. मग म्हणाली, मला नाही दिसत. अण्णा उठून थर्मामीटर बघायला गेले.

आता तू कधी ये आणि कधी नको, हे आमच्यापैकी कुणी कळवणार नाही. डोरीन आणि सुशी दिवाळीपर्यंत आहेत. धुराचं बघून घेऊ.

एवढंच लिहून पत्र बंद करणार होते, पण रात्री जेवताना आईने विचारलं, की उपेंद्रला पत्र लिहिते आहेस का. मी हो म्हटलं. मग तिने एक निरोप घातला. मला तो लिहायचा नव्हता, पण ती आत्ताही शेजारी बसून विचारते आहे, लिहिलंस का. म्हणून लिहिते. तुझ्या कोटाचं वरचं बटण उघडं आहे. तिकडे थंडी असेल, ते लावत जा.

नीला