गाडी कोणाला मिळू नये याविषयी

मी, खाली सही करणारा, निवृत्त वजनमापे निरीक्षक, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत, दार आतून लावून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, कान तीक्ष्ण आहेत, आणि डोळ्यांविषयी डॉक्टरांनी जे मत दिले ते मला मान्य नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणण्याचा प्रयत्न धाकट्या भावाने आणि जावयाने करून पाहिला, त्यांचा समाचार पुढे घेतला आहे. याआधी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. कोणी काढून दाखवलेच, तर ते बनावट समजावे आणि दाखवणाऱ्याला जाऊ देऊ नये.

कलम एक. राहते घर, पुढचे अंगण आणि अंगणातील पत्र्याची शेड माझ्या पत्नीला देतो. यापुढे तिचा उल्लेख ‘ही’ असा येईल, कारण घरात मी तिला दुसरी हाक कधी मारलेली नाही. हिच्या पश्चात घर लेकीचे. मागच्या खोलीत धाकट्याची एक लोखंडी पेटी पडून आहे. “दादा, राहू दे जरा, पुढच्या आठवड्यात नेतो,” असे म्हणून त्याने ती ठेवली तेव्हा लेक शाळेत होती. आता लेकीची लेक शाळेत जाते. पेटी ठेवली म्हणून खोली आपली होत नाही, हे त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. पेटीत काय आहे ते मला माहीत नाही. कुलूप फार चांगल्या प्रतीचे आहे.

कलम दोन. बँकेतील सगळ्या ठेवी हिला. बँकेत जाताना हिने लेकीला बरोबर न्यावे, जावयाला नको. जावई माणूस म्हणून वाईट नाहीत, पण ते फार लवकर “आई, तुम्ही फक्त इथे सही करा” असे म्हणतात. नोकरीत मी ज्यांना ज्यांना पकडले ते सगळे गोडच बोलत होते.

कलम तीन. पितळी वजनांचा माझा स्वतःचा संच आणि छोटा तराजू कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला द्यावा. तो त्यावर माल मोजील अशी आशा मला नाही. पण फळीवर ठेवलेला दिसला तर त्याचे त्याला तरी काही वाटेल.

कलम चार. आता गाडी. खरे सांगायचे तर हा कागद मी तिच्यापायीच लिहायला घेतला. गाडी जुनी आहे, रंग उडाला आहे, पण माझी आहे. तिचे चाक हातात आहे तोवर मी कोणाच्या दारात “जरा सोडता का” म्हणून उभा राहणार नाही, लेकीच्याही नाही. तेवढ्यासाठी मला ती अखेरपर्यंत चालवायची आहे, आणि नेमके तेच कोणाला तरी नको आहे.

गेले काही महिने रेडिएटरचे पाणी उतरते. सुरुवातीला तो खरोखरच गळत होता. मेकॅनिकने उतरवून झाळून दिला, गाडी छान चालली. मग पुन्हा पाणी खाली. माझा पहिल्यापासूनचा नियम आहे की सकाळी झाकण उघडून पाणी पाहायचे, आणि उतरलेले असले तर कारण सापडेपर्यंत गाडी अंगणाबाहेर काढायची नाही. वरून पाणी ओतून तशीच दामटणाऱ्यांची इंजिने बसलेली मी पाहिली आहेत. त्यामुळे गाडी जागची हलेना. गल्लीच्या तोंडाशी गॅरेज आहे, तिथवर ती ढकलत न्यायची आणि ढकलत आणायची, एवढाच तिचा प्रवास.

“साहेब, पाण्यात बुडवून हवा मारली. एक बुडबुडा नाही,” मेकॅनिक म्हणाला.

“मग पाणी जातं कुठे?”

“ते मला काय विचारता? तुमच्याच अंगणात जातंय.”

हे उत्तर मला आवडले नाही. गळणाऱ्या रेडिएटरवर ज्याचे पोट चालते त्याला तो न गळण्यात काय रस असणार? तरीही मी संपूर्ण नवा रेडिएटर बसवून घेतला, होस पाइप नवे, झाकणसुद्धा नवे. जुना रेडिएटर परत मागून घेतला आणि शेडमध्ये ठेवला, नाहीतर तोच रंगवून मला पुन्हा विकला असता. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या सकाळी झाकण उघडले, तर बोट बुडेल एवढेही पाणी नाही.

नवा रेडिएटर आपणहून गळत नाही. म्हणजे हे माणसाचे काम आहे. माझा संशय तिघांवर आहे. मेकॅनिक, त्याचे कारण वर दिले. जावई, ज्यांनी जेवता जेवता “बाबा, कशाला ती कटकट? टॅक्सी सांगत जाऊ की,” असे म्हटले आणि लगेच ताटात मान घातली. आणि धाकटा, जो “दादा, तुझ्यामागे गाडीचं काय करायचं ठरवलंयस?” असे मी चहा पीत असताना विचारतो.

ही मात्र माझ्या बाजूची आहे. सकाळी मी बॉनेट उघडून आरडाओरडा करतो तेव्हा ही कुंड्यांना पाणी घालत असते. “कुणीतरी नक्की करतंय हो,” म्हणते. “तुम्ही शोधून काढाच.” या घरात माझ्यावर विश्वास असलेले एवढे एकच माणूस उरले आहे.

रेडिएटरच्या तळाशी पाणी सोडायची तोटी असते. आज मी तिला सील केले. नोकरीत तराजू तपासून झाला की भोकातून तार ओवायची, पीळ घालायचा आणि वर शिसे दाबायचे, अशी पद्धत होती. शिशाचा चिमटा निवृत्तीला ऑफिसात जमा करावा लागला, पण तारेचे एक भेंडोळे घरी राहिले आहे. ती तार तोटीत ओवून पक्का पीळ दिला आहे. आता तोटी फिरवायची तर तार काढावीच लागेल. ज्या व्यक्तीने ती काढली असे सिद्ध होईल, तिला या मालमत्तेतला खिळासुद्धा मिळू नये, मग ती कोणीही असो. वरच्या कलमांत तिला काही दिलेले असल्यास तेही रद्द समजावे. नात्याचा मुलाहिजा ठेवू नये.

कलम पाच. वरचे लिहून झाल्यावर मधे काही दिवस गेले. खाडाखोड दिसली की कागदावर संशय येतो, म्हणून वरचे तसेच ठेवून खाली लिहीत आहे.

पाणी पुन्हा उतरले. मी सतरंजी टाकून गाडीखाली आडवा झालो. तार जागच्या जागी होती. म्हटले, भुताटकीच आहे. मग बोटाने चाचपून पाहिली. पीळ उलटा होता, आणि टोक आत वळवलेले होते.

मी तार उजवीकडे पिळतो, सगळे निरीक्षक तसेच पिळत. नोकरीच्या दिवसांत दुसऱ्या दिवसाच्या तारा घरी तयार व्हायच्या. स्वयंपाक उरकला की ही ओट्यापाशी बसून त्या कापायची, दुहेरी करून पिळायची. ही डावखुरी, हिचा पीळ उलटा पडतो. आणि प्रत्येक तारेचे टोक ही आत वळवायची, कारण सुरुवातीला त्या टोकांनी माझी बोटे फाटायची. चोर तार तोडतो आणि पळतो. पाणी सोडून झाल्यावर तार पुन्हा नीट पिळून, ती काढायला येणाऱ्याच्या बोटाला टोचू नये म्हणून टोक आत वळवणारे माणूस जगात एकच आहे.

मी तसाच गाडीखाली पडून राहिलो. आधी राग आला, फार आला. रोज सकाळी झारी घेऊन कुंड्यांपाशी उभी राहून “शोधून काढाच” म्हणत होती! ओली फरशी कुंड्यांच्या पाण्याने झाकत होती, आणि मला कळले नाही. मी, ज्याने खोटी मापे नुसत्या आवाजावरून ओळखली.

मग शाळेजवळचे वळण आठवले. रेडिएटर झाळून आणल्यानंतर आम्ही दोघे गाडीतून चाललो होतो. एक मुलगी दप्तर घेऊन रस्ता ओलांडत होती. ही ओरडली, मी ब्रेक दाबला. मुलगी बॉनेटला हात टेकून आमच्याकडे बघत उभी राहिली.

“ओरडतेस काय? दिसली होती मला,” मी म्हणालो.

दिसली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून पाणी उतरू लागले.

परवा लेकीशी फोनवर बोलत होती ते मी ऐकले. “अगं, बाबांना काय धाड भरलीये! ठणठणीत आहेत. गाडीचा रेडिएटर गेलाय, नाहीतर कधीच आले असते तुझ्याकडे.” माझे डोळे गेले हे तिने पोटच्या पोरीलाही कळू दिलेले नाही. साऱ्या गल्लीला वाटते आमचा रेडिएटर खराब आहे. मला रडू आले, तेही लिहून ठेवतो.

सबब, कलम चारमधली शिक्षा हिला लागू नाही. घर, ठेवी, सगळे हिचे कायम. गाडीही हिलाच. विकावी, ठेवावी, अंगणात कोंबड्या पाळाव्यात तिच्यात, कोणी मधे बोलू नये. मेकॅनिकने काही केलेले नव्हते. मी त्याला नाही नाही ते बोललो, त्याची माफी मागतो. जावई आणि धाकटा हेही निर्दोष आहेत. पेटीविषयीचे म्हणणे कायम.

मी यापुढे गाडी चालवणार नाही. पण मला सगळे कळले आहे हे माझ्या हयातीत हिला कळू नये. कळले तर ती ओशाळेल, आणि मग आम्हाला माझ्या डोळ्यांविषयी बोलावे लागेल, ते मला अजून जमणार नाही. म्हणून मी रोज सकाळी झाकण उघडणार, पाणी उतरले म्हणून ओरडणार आणि मेकॅनिकच्या नावाने खडे फोडणार. तार मी काढून टाकली, “सील काही कामाचं नाही” असे तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो. तोटी फार घट्ट फिरत होती. हिची बोटे आता दुखतात. तोटीला तेल दिले आहे.

आत्ता हिने दार वाजवले. “कधीचे दार लावून काय लिहिताय?”

“मेकॅनिकविरुद्ध तक्रार,” मी म्हणालो.

“लिहा, चांगली सणसणीत लिहा. सोडू नका त्याला,” ही म्हणाली, आणि दिवा मोठा लावायला सांगून गेली.

येणेप्रमाणे लिहिले ते माझे आणि शेवटचे. साक्षीदारांनी माझी सही होताना पाहिली आहे. मजकूर त्यांना वाचू दिलेला नाही; मी पान हाताने झाकून धरले होते.

सही : (निवृत्त वजनमापे निरीक्षक)

साक्षीदार पहिल्या : शेजारच्या निवृत्त ग्रंथपाल बाई. सही.

साक्षीदार दुसरा : गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेला मेकॅनिक. सही. सही करताना त्याने विचारले, “साहेब, आता रेडिएटरचं काय करायचं?” त्याला सांगितले, कोणी विचारले तर गळतोय म्हण.

ठिकाण : राहते घर, पुढची खोली.
दिनांक : ९ डिसेंबर २०१९