नकाशात नसलेली खोली

प्रिय ठमे,

तुला एक आजी आहे, हे तुझ्या लक्षात राहावं म्हणून हे पत्र. फोनवर तू "हो हो" म्हणत भाजी चिरत असतेस, मला ऐकू येतं. म्हणून शेजारच्या शिंपीणबाईंना बसवून लिहून घेते आहे. पदरचं काही घालायचं नाही, असं त्यांना बजावलंय.

माझ्या गुडघ्यांनी संप पुकारलाय. न्हाणीघरात जायला मागच्या तीन पायऱ्या उतरवत नाहीत. म्हटलं, स्वयंपाकघराची भिंत फोडून आतूनच दार काढावं. गवंडी म्हणाला, "आजी, रंग द्या, फरशी बदला, कुणी विचारणार नाही. पण ही भिंत फोडायची तर परवानगी लागते. वरचा मजला तिच्यावरच उभा आहे." मी मुकाट अर्जावर अंगठा उठवला.

मंगळवारी कचेरीतले साहेब टेप आणि घराचा जुना नकाशा घेऊन आले. स्वयंपाकघर मोजलं, निघालेच होते. मला कुठला दम! म्हटलं, आलाच आहात तर आमच्या लेकीची खोली बघा. लेक सासर सोडून सहा महिन्यांच्या पोरीसकट परत आली, तेव्हा ह्यांनी अकरा दिवसांत स्वतःच्या हातानं बांधली, कुणाला विचारलंसुद्धा नाही! साहेब नकाशा उलटसुलट करत राहिले. मला वाटलं, कौतुक करतायत.

ठमे, त्या नकाशात ती खोलीच नाही. कुंपणापासून चार हात जागा सोडायची असते, तुझ्या आजोबांनी एकच सोडली. दंड भरूनही भागणार नाही, पाडावीच लागेल. गवंड्यानं कपाळावर हात मारला, "आजी, दाखवलीत कशाला?"

जिथे तू रांगलीस, जिथे तुझ्या आईनं माझ्या हातून शेवटचं पाणी घेतलं, ती खोली मी माझ्या जिभेनं घालवली. तीनदा फोन केला, तीनदा तुझ्या खोकल्याची चौकशी करून ठेवला. तोंडानं सांगवेना, म्हणून शिंपीणबाईंच्या हातानं सांगते.

सोमवारी पाडायला येतील. त्याआधी ये, दोघी तिथे निजू. रागवायचं तर समोर बसून रागव. रजा नाहीच मिळाली, तर बसवाल्याकडे गोड पाव देऊन पाठव, चार मजुरांना पोटभर पुरतील इतके. उपाशी माणूस रागानं घाव घालतो. त्या भिंतींवर मला तसे घाव नकोत.

तुझीच,
बडबडी आजी
(खाली अंगठा)