बाईंनी लिहिलेली एक जून

बाई,

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही हे मला कळतं, मी काही वेडी नाही. पण मराठीत लिहावं असं दुसरं कोणी उरलं नाही. मुलगी मराठी बोलते, वाचत नाही. मिस्टर गेले. भाऊ रोज सकाळी फोनवर फुलांची चित्रं पाठवतो, आणि मी फोन केला की म्हणतो, ताई, आवाज तुटतोय, नंतर बोलू. म्हणून तुम्हाला लिहिते. सातवीपर्यंतचं माझं अक्षर, त्यालाही साठ वर्षांचा गंज, तेव्हा चुकांना लाल गोल करत बसू नका.

मी अमेरिकेत असते, मिशिगनमध्ये, नोव्हायला. मिस्टर इथं मोटारीच्या कंपनीत होते. मी एका ड्रायक्लीनरकडे मशीनवर बसायचे. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, झिपा बदलायच्या. बोलायचं काम नव्हतं ते बरं होतं. मुलगी इथलीच. शिकली, सरकारच्या परराष्ट्र खात्यात लागली, आणि मग वीस वर्षं आज या देशात, उद्या त्या देशात. आता वॉशिंग्टनला असते. रविवारी फोन करते. मागच्या वर्षी एकदा बुधवारी केला, तेव्हा मला वाटलं कोणाचं तरी बरंवाईट झालं.

"आई, कोणाला सांगू नकोस. प्रेसिडेंट माझं नाव देणार आहेत. ॲम्बॅसडर म्हणून."

मी विचारलं कुठं. तिनं एका देशाचं नाव सांगितलं. नकाशावर बघितलं तर बोट ठेवलं की झाकून जाईल एवढा, समुद्राच्या मधोमध. मी म्हटलं, तिथं थंडी आहे का? नाही म्हणाली. मग जा म्हटलं.

पण इथं प्रेसिडेंटनी नाव दिलं म्हणजे काम झालं असं नसतं. आधी चौकशी. मग सिनेटच्या कमिटीपुढं बसवून प्रश्न विचारतात. मग सगळ्या सिनेटनं मत द्यायचं. आपल्याकडे मुलगी बघायला यायचे, त्याच्यापेक्षा मोठा ताप. तिनं एक फॉर्म भरला, म्हणाली जाडजूड पुस्तकच झालंय. कुठं राहिलीस, कोणाला भेटलीस, नातेवाईक कोण, ते कधी जन्मले. त्यात माझी जन्मतारीख एक जून. तिच्या बाबांची एक जून. मामाची पण एक जून. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. लहानपणापासून आईबाबांचा एकच केक कापायची, आणि त्याच दिवशी मामाला फोन. तिला वाटायचं आपल्या घराण्याची ती गंमत आहे.

बाई, तुम्हाला आठवतंय का? मी शाळेच्या ओट्याखाली भावाला काखोटीला मारून उभी असायचे. तुम्ही एक दिवस बाहेर येता, माझ्या हाताला धरता आणि तशाच पोरासकट मला घरी घेऊन येता. आई चुलीपाशी भाकरी थापतेय. तुम्ही उंबऱ्यावर बसता. "हिचा जन्म कधीचा?" आई म्हणते, "ज्वारी काढणीला आली होती." "कोणत्या साली?" आई तव्यावरची भाकरी उलटते. मग बोटं मोजून म्हणते, आठ झाली असतील. तुम्ही पिशवीतून वही काढून तिथंच लिहिता. एक जून. आणि वय लिहिता सहा. आई म्हणते, "बाई, आठ सांगितली मी." तुम्ही मान वर न करता म्हणता, "दोन वर्षं उशिरा लग्नाची होईल. असू दे." मला तेव्हा काही कळलं नाही. पण त्या दोन वर्षांमुळे मी सातवीपर्यंत बसले. नाहीतर चौथीतच उठवली असती. मला आजवर पुष्कळ साड्या मिळाल्या, ड्रायक्लीनरनं निघताना घड्याळ दिलं, पण फुकटची दोन वर्षं तुम्ही सोडून कोणी दिली नाहीत.

आणि त्याच तुम्ही दुसऱ्या वर्षी मला सगळ्या वर्गापुढं उभं केलंत. प्रगतिपुस्तकावर वडलांचा अंगठा हवा होता. वडील रानात. मी आपलाच अंगठा शाईत बुडवून उठवला. तुम्ही पुस्तक उजेडात धरलंत. "हा तुझ्या बापाचा अंगठा? बाप काय पाळण्यात झोपतो?" सगळी पोरं हसली. मग छडी घेतली, पण मारली नाहीत, नुसती माझ्या अंगठ्यावर टेकवलीत. म्हणालात, "जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगायचं. कागदावर खोटं लिहिलं की ते आपल्यामागून चालत येतं." ते मी विसरले नाही. तुम्ही मात्र आमच्या गावच्या अख्ख्या पिढीला एक जूनला जन्माला घातलंत! मिस्टर तर दुसऱ्या तालुक्यातले. त्यांच्या गुरुजींनीही तेच केलं.

तर चौकशीचा माणूस आला. मुलीनं आदल्या दिवशी बजावलं होतं, "आई, तो विचारेल तेवढंच उत्तर दे. स्टोरी नको."

"मी कधी स्टोरी सांगते?"

"आई, प्लीज."

माणूस चाळिशीचा, कोट घातलेला, दारातच बूट काढू का विचारणारा. मला तिथंच आवडला. समोरच्या घरातली नागपूरची मुलगी पडद्याआडून बघत होती. नंतर म्हणाली, मावशी, तुमच्याकडे पोलीस आले होते का? यार, मी किती घाबरले! मी त्याला चहा दिला. आलं घालून. पहिल्या घोटाला डोळे मोठे केले, पण प्यायला. मुलगी दारू किती पिते, कोणाकडून पैसे घेते का, भांडखोर आहे का, असलं विचारलं. मी म्हटलं, भांडखोर आहे, माझ्यावर गेलीय. तो हसला आणि लिहिलं नाही. मग कागद बघत म्हणाला, "मॅम, तुम्ही, तुमचे मिस्टर आणि तुमचा भाऊ, तिघंही एक जूनचे?"

मी नुसतं हो म्हणायचं होतं, बाई. पासपोर्टावर तेच, सिटिझनशिपच्या कागदावर तेच. हो म्हटलं असतं तर त्यानं खूण केली असती आणि पुढं गेला असता. पण मी म्हटलं, "ते खरं नाही." त्यानं पेन खाली ठेवलं. आणि मग मी सगळं सांगितलं. ज्वारी, चूल, तुमची वही, आठाचे सहा, लग्नाची दोन वर्षं, अंगठा. माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये एक तास. मधे मी चहा पुन्हा गरम केला.

आठवड्यानं मुलीचा फोन. आवाज अगदी सपाट, तो तिचा चिडलेला आवाज. "आई, तू फेडरल इन्व्हेस्टिगेटरला सांगितलंस की तुझी जन्मतारीख फेक आहे?"

"फेक नाही म्हटलं. बाईंनी लिहिली म्हटलं."

"व्हाय? एकच काम होतं तुला. हो म्हणायचं!"

मग वकील, मग खुलासा, मग शाळेच्या रजिस्टरचा उतारा हवा. भाऊ दोनदा शाळेत जाऊन आला. हेडमास्तर रजेवर, मग कपाटाची किल्ली सापडेना. असे दोन-अडीच महिने गेले. शेवटी सगळं पास झालं, प्रेसिडेंटनी नाव जाहीर केलं. लगेच इथल्या मंडळाचे लोक दारात. काकू, सत्कार करायचाय, शाल-श्रीफळ, तुम्ही दोन शब्द बोला. मी म्हटलं, अजून पोरीचं पक्कं नाही, नारळ दुकानातच ठेवा.

कमिटीच्या सुनावणीला मला नेलं होतं. मी साडी नेसून तिच्या मागं बसले. मला वाटलं आता एक जून निघणार. पदर मुठीत धरून बसले. कोणी काढलं नाही. बंदरं, मासेमारी, कोणाची जहाजं येतात, असलं विचारलं. चांगलं बोलली हो. पाठ ताठ ठेवून बोलली. मी तिची वेणी घालायचे तेव्हा बसायची तशी.

आणि मग नाव लटकलं. कोणा एका सिनेटरनं दुसऱ्याच कसल्या तरी भांडणासाठी पुष्कळ नावं अडवून धरली. वर्ष संपलं, मुदत संपली, आणि ज्यांच्यावर मत झालं नव्हतं ती नावं प्रेसिडेंटकडे परत गेली. मुलीचंही त्यात होतं. तिच्या आधी चौकशी संपलेले दोघं उन्हाळ्यातच आपापल्या देशात पोचले होते. मी फोनवर विचारलं, "ते अडीच महिने वाया गेले नसते तर तुझंही झालं असतं का गं?"

 ती म्हणाली, "नो, आई. तुझ्यामुळे नाही." लगेच म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला असता. त्यानंतरचे तीन रविवार फोन आला नाही. मेसेज आला, बिझी आहे. मी नको तेवढी झाडझूड केली. गराजपर्यंत बर्फ काढला, शेजारणीचाही काढला.

भावानं त्या रजिस्टरच्या पानाचा फोटो मलाही पाठवला होता. तेव्हा धावपळीत बघितला नव्हता. अशाच एका रिकाम्या रविवारी उघडला, बोटांनी मोठा केला. तुमचं अक्षर, बाई. शेपटीवाला र. आणि खाली खाली सगळीकडे एक जून, एक जून, एक जून. चौतीस पोरं एका पानावर. मी एकेक नाव वाचलं. मोठ्यानं वाचलं, घरात कोणी नव्हतंच. त्यातल्या किती जणी तुमच्या दोन वर्षांवर पुढं शिकल्या, काय माहीत.

काल मुलीचा फोन आला. प्रेसिडेंट नाव पुन्हा सिनेटकडे पाठवणार आहेत म्हणाली. जरा हसली पण. "आई, परत चौकशीचा माणूस आला तर?" मी म्हटलं, एक जून, बस. ती म्हणाली, "प्रॉमिस?" मी म्हटलं, बाईंची शपथ.

पण तुमच्याशी लपवत नाही. मी मुलीला सांगितलं की शाळेत खोटं बोलू नको म्हणून शिकवलं होतं, म्हणून खरं बोलले. तिनं ते मानलं. तसं नव्हतं, बाई. तो माणूस पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत होता. मिस्टर गेल्यापासून या घरात बसून मला कोणी विचारलं नव्हतं की तुझा जन्म कुठला, आई काय करत होती, मग पुढं काय झालं. मला वाटलं अजून थोडा बसेल. म्हणून सांगत गेले.

हे पत्र घरच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवते, बॉबिनच्या डब्याखाली. तो परत आला तर एक जूनच सांगेन. पण शेवटी सांगेन, चहा झाल्यावर.