बाबांच्या नंबरवरचे गेम

कळमनुरी,
१८ जानेवारी २०२६

प्रिय प्रमोद,

सप्रेम जय भीम. इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे आपल्या मर्जीने चालतात. माझ्या सेवा केंद्रात गर्दी आहे. तू पुण्यात खुशाल असशील असे धरून चालते, कारण आजारी माणसाच्या अंगात एवढे मेसेज टाकायचे त्राण नसते.

पत्र बघून हसशील. हस. मेसेज केला तर तू अंगठा दाखवतोस, फोन केला तर "मीटिंगमध्ये आहे, ताई." कागदावर निदान माझे वाक्य पुरे होते.

तर तुझे गेम. अकरावीत असल्यापासून ज्या ऑनलाइन दुकानातून तू ते घेत आलास, ते महिनाअखेर बंद होणार. त्याआधी उतरवून घेतले नाहीत तर पैसे मोजूनही हाती धुपाटणे. "ताई, प्लीज, काहीही कर." बाबा दवाखान्यात होते तेव्हा तुझ्या तोंडून इतके कळवळून "प्लीज" ऐकल्याचे मला आठवत नाही. तेव्हा सुट्टी मिळत नव्हती म्हणे.

त्या दुकानवाल्यांचीही कमाल आहे. बटणावर लिहायचे "खरेदी करा" आणि आत बारीक अक्षरात लिहायचे की आमचे दुकान आहे तोवरच तुमचे. आपल्या बाजारात कोणी बकरी विकली आणि धंदा बंद करताना "बकरी परत द्या" म्हणाला, तर लोक त्यालाच दाव्याला बांधतील. पण तुम्ही शिकलेली माणसे! "मान्य आहे" दिसले की दाबले. न वाचता अंगठा उठवणाऱ्याला तूच अडाणी म्हणायचास ना?

बाबांना मात्र तुझ्या खरेदीचे केवढे कौतुक! तुझे वय भरत नव्हते म्हणून खाते त्यांच्या नावावर, नंबरही त्यांचाच. "पोरानं गेमा घेतल्या, इकत घेतल्या," असे त्यांच्या एसटी डेपोत सांगत सुटले होते. मग त्या ठेवायच्या कुठे म्हणून वर्कशॉपातल्या मित्राकडून लोखंडी रॅक वेल्ड करून घेतला आणि हिंगोलीहून एसटीच्या टपावर टाकून आणला. रोज पोस्टमनला विचारायचे, पार्सल आले का. आणि तू? मित्रांसमोर पोट धरून हसलास. "बाबा, त्या येत नसतात. त्या तिकडंच असतात." बाबाही हसले. रॅक भिंतीला लावला तो तसाच राहिला. कोणी काही ठेवायला गेले की म्हणायचे, "राहू द्या, प्रमोदचा हाय." ते गेल्यावर आईनेही त्याला हात लावू दिला नाही.

आता तुझ्या दुकानाला कोड हवा, आणि कोड जाणार बाबांच्या नंबरवर. ते गेल्यावर त्या नंबरचे रिचार्ज कोणी करायचे यावर आपण दोघेही गप्प बसलो आणि नंबर दुसऱ्याला गेला. तू मला लिहिलेस, "त्या माणसाला फोन करून कोड विचार. साधं काम आहे." वा. एवढे साधे होते तर तू का केले नाहीस? पुण्याहून फोन लागत नाहीत का?

मी लावला. माझ्या फोनमध्ये तो नंबर अजून "बाबा" म्हणूनच आहे. तो दाबताना मला काय झाले ते तुला कशाला सांगू.

पलीकडून आवाज आला, "कोन पायजे?" मी नाव सांगितले आणि कोडचे बोलले. झाले!

"ओटीपी मागून राहिल्या? मला काय येडा समजल्या का, बाई? पोलिसात देतो!"

यात त्याची चूक काय? केंद्रात येणाऱ्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना दिवसभर मीच सांगते की ओटीपी कोणाला देऊ नका. माझी अक्कल मलाच नडली. पुन्हा पुन्हा लावला, शिव्या खाल्ल्या. शेवटी म्हणाला, "खऱ्या असाल तर तोंड दाखवा. बाजारच्या दिवशी आमच्या गावाला या, जवळा बाजारला."

तर तुझ्या खेळण्यांसाठी मी केंद्र बंद ठेवून, लॅपटॉप काखोटीला मारून, एसटी बदलत जवळा बाजारला गेले. माणसाचे नाव थावरा राठोड. कापूस घेऊन आलेला, वयाने बाबांएवढाच. मी बाबांचा डेपोच्या गणवेशातला फोटो दाखवला. त्याने तो बराच वेळ बघितला. मग मी तुझा पासवर्ड टाकला, त्याच्या फोनवर कोड आला, तो एकेक आकडा मोठ्याने वाचत गेला. काम झाले. चहाचे पैसेही त्याने मला देऊ दिले नाहीत.

मी निघाले तर म्हणाला, "ताई, एक इचारू का? ह्या नंबरावर एक फोन येत राहतो. मधूनमधून. बोलत न्हाई कोनी. मी हॅलो हॅलो करतो, अन् तिकडून नुसता श्वास. आधी लई शिव्या घातल्या. मंग वाटलं, कोनाचं तरी मानूस गेलं असंल. आता शिव्या देत न्हाई. म्हनतो, बोला, आयकून राहिलो. तरी ठेवून देतेत."

त्याने नंबर दाखवला. तो मला वाचावा लागला नाही, प्रमोद. मला तो पाठ आहे.

या पत्रात तुला अजून बरेच काही सुनवायचे ठरवून बसले होते. बाबा गेले तेव्हा दोन दिवसांत परत गेलास, त्यावर एक अख्खे पान लिहिणार होते. आता ते जमत नाही आणि त्याचाही मला राग येतो. तू डरपोक आहेस हे मला ठाऊक होते. एवढा असशील असे वाटले नव्हते. एका अनोळखी शेतकऱ्याच्या शिव्या खात राहिलास, पण बहिणीला एक शब्द बोलला नाहीस.

गेम सगळे उतरले. केंद्रातले इंटरनेट रात्रंदिवस त्यालाच जुंपले होते, लोकांचे सातबारे ताटकळले. एकेक चालवून बघितला, दुकानाशिवाय चालतात. सगळे एका डिस्कवर घेतले आणि ती डिस्क बाबांच्या रॅकवर, मधल्या फळीवर ठेवली. आईने विचारले, "आल्या का गं प्रमोदच्या गेमा?" मी म्हटले, "आल्या." तिने पदराने फळी पुसली.

कुरिअर करणार नाही, सांगून ठेवते. विकत घेतलेली वस्तू न्यायला घरी यावे लागते.

आणि तोवर राहवले नाहीच, तर थावराभाऊंचा पिच्छा सोड. आईला लाव. बोलायचे सुचले नाही तरी चालेल, नुसत्या श्वासावरून ती ओळखेल. फक्त ठेवून देऊ नकोस.

तुझी ताई,
ज्योती