सहा मिशाळ पाहुणे आणि रविवार

ताई,

नमस्कार. तुझ्या घराचं रंगकाम उरकलं असेल आणि गुडघा कुरकुरायचा थांबला असेल. इकडे आम्ही धडधाकट आहोत. तुझे सहा मासेही जिवंत आहेत. रविवारी तू त्यांना घेऊन जाणार, एवढ्याच आशेवर मी दिवस ढकलतोय. लेक नोकरीला परगावी गेल्यापासून घरात शांतता होती, तीही त्यांनी घालवली.

तू म्हणालीस, मिशाळ मासे आहेत, तळाशी पडून असतात, कसला त्रास नाही. (औषध कडू नाही, असंही लहानपणी तूच सांगायचीस.) पहिल्याच दिवशी त्यातला एक सुसाट वर आला, हवेचा घोट घेतला आणि परत तळाशी. ही किंचाळली, "अहो, गुदमरतोय तो!" झालं! मी दुकान टाकून (एक गृहस्थ मापासाठी हात वर करून उभे होते, ते तसेच) नळीने पाण्यात फुंकत बसलो. घेरी मला आली. मासा मात्र मिशांनी तळ चाचपत निवांत फिरत होता, सुई पडली की मी फिरतो तसा. ती त्यांची रोजचीच सवय आहे, हे कळेपर्यंत मी दोनदा आडवा झालो.

मग हिला दिसलं, खडीवर घासून एकाच्या मिशा झिजल्यात. लगेच मला बारीक वाळू आणायला पिटाळलं. ती चाळायला पिठाची चाळणी देईना, म्हणून गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर वापरलं. तो भला माणूस आता खाजवत हिंडतो आणि कापडाला नावं ठेवतो.

मला चहा विचारायचं हिला भान नाही, माशांना मात्र "जेवलात का रे?" काल मीच विचारून बसलो, "अगं, धाकटा कुठे दिसत नाही?" माझं डोकं फिरायच्या आत त्यांना ने बाई.

तुझा गांजलेला भाऊ

ता. क. घट्ट झाकणाची बादली आण.

पुन्हा ता. क. बादली आणू नकोस. लेक गेल्यापासून ही संध्याकाळी भिंतीकडे बघत बसायची. विचारलं की "काही नाही." मला फार भीती वाटायची गं. आता काचेपुढे बसून बडबडते, हसते, माझ्यावर खेकसते. दोनच मासे मागणार होतो, पण ते घोळक्यातच रमतात म्हणे. तेव्हा सगळेच राहू देत. रविवारी मी "घेऊन जाच" म्हणून हटून बसेन, तेव्हा माझं अजिबात ऐकू नकोस.